थेंबातला लेसर : मऊ द्रवाचे अचूक मोजमाप

लेसर म्हटले की प्रयोगशाळेतले जड टेबल, त्यावर स्क्रूने आवळलेले आरसे आणि आरसा केसभर हलला तरी बंद पडणारा प्रकाशझोत असे चित्र डोळ्यांसमोर येते. निदान लेसर ही ताठ, घट्ट आणि काटेकोर वस्तू असते, अशी आपली समजूत असते. त्यामुळे केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा तेलाचा एखादा थेंबही पूर्ण अर्थाने लेसर होऊ शकतो, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. तो वाळतो, थरथरतो, दाबला की चपटा होतो. परंतु याच गुणधर्मांतला एक थेंबाला उत्तम लेसर बनवतो आणि उरलेले त्याला उत्तम मापक बनवतात. मऊपणामुळे थेंब लेसर म्हणून वाया जात नाही. उलट त्याचा सगळा उपयोगच मऊपणात आहे. हे कसे घडते, ते क्रमाने पाहू.

कोणत्याही लेसरला तीन गोष्टी लागतात. पहिली, प्रकाश वाढवणारे माध्यम. दुसरी, त्या माध्यमाला ऊर्जा पुरवण्याची सोय. आणि तिसरी, प्रकाशाला पुन्हा पुन्हा त्याच माध्यमातून फिरवणारी रचना. माध्यमातील रेणूला ऊर्जा मिळाली की तो उत्तेजित होतो, आणि योग्य तरंगलांबीचा प्रकाशकण त्याच्याजवळून गेला की तो आपल्याकडची ऊर्जा अगदी तशाच दुसऱ्या प्रकाशकणाच्या रूपात सोडून देतो. या उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ च्या सुमारास मांडली आणि थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही वाढ होत राहायची असेल, तर प्रकाश माध्यमातून एकदाच जाऊन चालत नाही. नेहमीच्या लेसरमध्ये समोरासमोरचे दोन आरसे त्याला मागेपुढे फिरवतात. थेंबात मात्र आरसे नसतात, तिथे हे काम थेंबाची कड करते.

पाण्यात किंवा तेलात चालणारा प्रकाश पृष्ठभागावर पुरेसा तिरका आदळला, तर तो हवेत बाहेर न पडता पूर्णपणे आत परततो. हे शालेय पुस्तकांतले पूर्ण आंतरिक परावर्तन होय. थेंबाच्या कडेला लागून निघालेला किरण प्रत्येक ठिकाणी असाच तिरका आदळतो, थोडा वळतो, पुन्हा आदळतो आणि अखेरीस गोल फेरी मारून जिथून निघाला तिथे येतो. ध्वनीच्या बाबतीत हाच प्रकार लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाखालील गोल सज्जात अनुभवता येतो. भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज भिंतीला चिकटून फिरत पलीकडच्या टोकाला उभ्या माणसाच्या कानी स्पष्ट पोहोचते, पण मध्यभागी उभ्या असलेल्याला ती ऐकू येत नाही. लॉर्ड रॅले यांनी त्याचे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले आणि सी. व्ही. रामन यांनी सदरलँड यांच्यासह १९२१ मध्ये त्याच सज्जात प्रयोग करून त्याचे बारकावे तपासले. प्रकाश थेंबाच्या कडेने फिरतो त्या प्रकारांनाही भौतिकशास्त्रज्ञ आज ‘कुजबुज-सज्जा प्रकार’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात.

मात्र वाटेल तो प्रकाश अशा फेऱ्या मारत टिकत नाही. फेरी पूर्ण करून परतलेली लाट निघालेल्या लाटेशी जुळली पाहिजे, शिखरावर शिखर पडले पाहिजे. नाहीतर लाटा एकमेकींना खोडून काढतात. म्हणजे थेंबाच्या परिघात तरंगलांबीचे पूर्णांकी तुकडे बसले पाहिजेत. अंदाजी हिशेब असा : थेंबाची त्रिज्या १० मायक्रोमीटर, तेलाचा अपवर्तनांक (निर्वातापेक्षा त्यात प्रकाश किती पट हळू चालतो तो आकडा) १.५ आणि प्रकाशाची तरंगलांबी ६०० नॅनोमीटर धरली, तर एका फेरीत सुमारे १५७ लाटा बसतात. नेमके गणित याहून थोडे किचकट असते, कारण प्रकाश अगदी काठावरून न जाता किंचित आतून जातो. पण आपल्या कामाला एवढे पुरे. एका फेरीत १५७ लाटांऐवजी १५८ बसवायच्या असतील तर तरंगलांबी सुमारे ४ नॅनोमीटरने कमी करावी लागते. या दोन्हींच्या मधल्या तरंगलांब्यांना थेंबात थारा नसतो. त्यामुळे अशा थेंबातून येणारा लेसर प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला तर सलग पट्टा दिसत नाही, तर कंगव्याच्या दातांसारख्या ठरावीक अंतरावरच्या बारीक, तीक्ष्ण रेषा दिसतात. या रेषा नेमक्या कुठे आहेत, यावरच पुढचे सगळे मोजमाप उभे आहे.

आता द्रवाच्या पहिल्या गुणाकडे वळू. फेरीत प्रकाश गळता कामा नये, आणि तो गळण्याचे मोठे कारण म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा. काचेचा किंवा प्लास्टिकचा सूक्ष्म गोळा पुरेसा गुळगुळीत बनवायचा तर तो वितळवणे, घासणे, तासणे असे सोपस्कार करावे लागतात. द्रवाच्या बाबतीत हे काम पृष्ठताण फुकट करून देतो. पृष्ठभाग शक्य तेवढा लहान ठेवण्याच्या त्याच्या ओढीमुळे छोटा थेंब जवळपास परिपूर्ण गोल होतो आणि त्याच्या पृष्ठावर उरतात त्या फक्त उष्णतेमुळे उठणाऱ्या लहरी, ज्यांची उंची सामान्य पृष्ठताणाच्या द्रवात एका नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. म्हणूनच चांगल्या थेंबात प्रकाश बाहेर पडण्याआधी हजारभर फेऱ्या सहज मारू शकतो. ६३ मायक्रोमीटर परिघाच्या थेंबात हजार फेऱ्या म्हणजे सहा सेंटिमीटरांहून अधिक प्रवास. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा वस्तूच्या आत प्रकाशासाठी एवढी लांब वाट दुमडून ठेवलेली असते.

उरते ते प्रकाश वाढवणारे माध्यम. त्यासाठी द्रवात ऱ्होडामीनसारखे फ्लुरोसंट रंगद्रव्य अल्प प्रमाणात विरघळवतात आणि बाहेरून, बहुधा हिरव्या रंगाच्या लेसरचे, अगदी अल्पकाळ टिकणारे स्पंद थेंबावर टाकतात. स्पंदाची ऊर्जा कमी असेल तर थेंब नुसता मंद चमकतो, त्याच्या प्रकाशात अनेक तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. ऊर्जा वाढवत नेली की एका टप्प्यावर रंगद्रव्याकडून होणारी वाढ गळतीला मागे टाकते. या उंबरठ्यापलीकडे रेषा एकाएकी उजळून उठतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला थेंबाच्या कडेवर तेजस्वी कडे दिसते. इथे एक कबुली द्यायला हवी. थेंबाचा लेसर हा स्वयंभू नाही, त्याला पेटवायला दुसरा, मोठा लेसर लागतो, आणि ही अडचण अजूनही पुरती सुटलेली नाही.

या कल्पनेचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. मेमन यांच्या लेसरनंतर वर्षभरातच, १९६१ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी कॅल्शियम फ्लोराइडच्या घन गोळ्यात प्रकाश कडेने फिरवून लेसर मिळवला होता. द्रवाच्या थेंबातील अनुनाद, म्हणजे ठरावीक तरंगलांब्यांना प्रकाश फेरीत जुळून टिकण्याचा प्रकार, आर्थर ॲश्किन आणि त्यांचे सहकारी झिएदझिक यांनी १९७७ मध्ये लेसरच्या दाबावर हवेत तरंगत ठेवलेल्या तेलाच्या थेंबांत पाहिला. याच ॲश्किन यांना पुढे २०१८ मध्ये प्रकाशाच्या चिमट्यांसाठी नोबेल मिळाले. आणि १९८४ मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड चँग यांच्या गटाने रंगद्रव्य मिसळलेल्या इथेनॉलच्या सुट्या थेंबांतून लेसर प्रकाश मिळाल्याचे दाखवले. त्यानंतर बराच काळ हा विषय प्रामुख्याने प्रकाशशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिला, कारण हवेतले थेंब पाहता पाहता वाळून जात. त्या वाळण्याकडे अडचण म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहिले, तेव्हा चित्र बदलू लागले.

थेंबाची त्रिज्या बदलली की परिघ बदलतो आणि परिघात त्याच १५७ लाटा बसवायच्या तर प्रत्येक लाटेला त्याच प्रमाणात लांब किंवा आखूड व्हावे लागते. १० मायक्रोमीटरच्या त्रिज्येत एका नॅनोमीटरचा, म्हणजे दहा हजारातील एका भागाचा, फरक पडला तर ६०० नॅनोमीटरची रेषा ०.०६ नॅनोमीटरने सरकते. हा आकडा किरकोळ वाटला तरी लेसरच्या रेषा इतक्या बारीक असतात की चांगल्या वर्णपटमापकाला ही सरक स्पष्ट दिसते. एका नॅनोमीटरमध्ये जेमतेम काही अणू ओळीने मावतात. कोणताही सूक्ष्मदर्शक थेंबाचे चित्र काढून इतका लहान फरक सांगू शकणार नाही. थेंबातून निघालेला प्रकाश मात्र तो सांगून जातो, आणि तोही थेंबाला हात न लावता.

याचा सर्वात साधा वापर हवेतली आर्द्रता मोजण्यासाठी होतो. ग्लिसरॉल पाणी ओढून घेते. त्यामुळे ग्लिसरॉल आणि पाणी यांच्या मिश्रणाचा थेंब दमट हवेत किंचित फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि त्याच्या रेषा त्याप्रमाणे सरकतात. असा थेंब टेबलावर ठेवला तर तो पसरून चपटा होईल, म्हणून त्याला पाणी अजिबात न धरणाऱ्या, कमळाच्या पानासारख्या पृष्ठभागावर ठेवतात. तिथे तो जवळपास गोलच राहतो. तापमानाचे मोजमाप इतके सरळ नाही. द्रव तापला की प्रसरण पावतो आणि त्यामुळे रेषा लांब तरंगलांबीकडे जायला हव्यात. पण त्याच वेळी त्याचा अपवर्तनांक घटतो आणि रेषांना उलट दिशेने ओढतो. अनेक द्रवांत ही ओढाताण चालते आणि उत्तर दोन्ही परिणामांच्या वजाबाकीवर ठरते. त्यामुळे तापमापक म्हणून थेंब वापरायचा तर द्रव विचारपूर्वक निवडावा लागतो.

थेंबाबाहेरच्या रसायनांची चाहूलही त्याला लागते. पूर्ण आंतरिक परावर्तनात प्रकाश पृष्ठभागावरून परततो असे आपण म्हणतो, पण त्याचा काही अंश काठाच्या पलीकडे काही शे नॅनोमीटरपर्यंत झिरपलेला असतो आणि तिथे झपाट्याने क्षीण होत जातो. या झिरपलेल्या भागात बाहेरून येऊन एखादा प्रथिनाचा रेणू चिकटला, किंवा भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलला, तर फेरीची लांबी नाममात्र वाढते आणि रेषा सरकते.

माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वात विलक्षण भाग म्हणजे बलाचे मोजमाप, कारण तिथे थेंबाचा मऊपणा थेट कामी येतो. पूर्ण गोल थेंबाला कोणत्याही दिशेने कापा, मोठ्यात मोठा परिघ तेवढाच असतो. म्हणून कोणत्याही प्रतलात फिरणारा प्रकाश एकाच तरंगलांबीला जुळतो. थेंब एका बाजूने किंचित दाबला गेला की तो लंबगोल होतो, काही फेऱ्या लांब होतात, काही आखूड, आणि वर्णपटातली एकच रेषा फुटून अनेक होतात किंवा रुंदावते. ही फूट किती पडली यावरून थेंब किती वाकडा झाला ते कळते. आणि थेंबाला वाकडे करणारे बल कोणाविरुद्ध झगडत होते, तर पृष्ठताणाविरुद्ध. तो ठाऊक असेल तर बलही काढता येते. ३० मिलिन्यूटन प्रतिमीटर पृष्ठताण असलेल्या आणि १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ६००० पास्कलने अधिक असतो. इतका ताठ थेंब नाजूक बलांना फारसा दाद देत नाही. पण योग्य तेल निवडून आणि साबणासारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ घालून हा ताण बराच कमी करता येतो. वजनकाट्यासाठी ताठ किंवा सैल स्प्रिंग निवडावी, तसाच हा प्रकार आहे.

हे मोजमाप जिवंत पेशीच्या आत करता येते, हे २०१५ मध्ये मत्याझ हुमार आणि सोक ह्युन युन यांनी दाखवून दिले. त्यांनी पेशींमध्ये रंगद्रव्ययुक्त तेलाचे थेंब सोडले आणि पेशीच्या आतला अंतर्गत ताण सुमारे ५०० पास्कल असल्याचे व तो काळानुसार कमीजास्त होत असल्याचे टिपले. त्यांच्या पद्धतीची संवेदनशीलता २० पास्कल होती. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो हे लक्षात घेतले, म्हणजे २० पास्कल किती अल्प आहेत ते उमगेल. पेशी विभागतात, सरकतात, एकमेकींना ढकलतात. ऊती घडताना ही बले महत्त्वाची ठरतात, पण पेशीच्या आत शिरून ती मोजायला सुई किंवा पट्टी चालत नाही. बाहेरून प्रकाश टाकून बाहेरच प्रकाश वाचता येईल असा थेंब चालतो. त्याच संशोधनात आणखी एक गमतीची बाब पुढे आली : चरबीच्या पेशींमध्ये मेदाचा मोठा, गोल थेंब निसर्गतःच असतो, त्यामुळे तिथे बाहेरून थेंब घालावाही लागत नाही, रंगद्रव्य पुरवले की पेशीतला स्वतःचा मेदच लेसर होतो.

याच गटाने पेशींना प्लास्टिकचे सूक्ष्म गोळेही गिळायला लावले. गोळ्याचा आकार नॅनोमीटरच्या फरकाने वेगळा असला तरी त्याच्या रेषांचा कंगवा वेगळा येतो. म्हणजे प्रत्येक पेशीच्या अंगावर बारकोड लागतो आणि हजारो पेशींतून एखादी ओळखून तिचा प्रवास मागे लागून पाहता येतो. मात्र इथे गोळे घन होते आणि त्यांचे काम ओळख सांगणे एवढेच होते. घन गोळा आपली ओळख टिकवून ठेवतो आणि मऊ थेंब भोवतालानुसार बदलतो. कोणता वापरायचा हे कामावर ठरते.

साधे तेल सोडून द्रव स्फटिकाचा थेंब घेतला तर आणखी काही दारे उघडतात. द्रव स्फटिक वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबट रेणू घन स्फटिकातल्यासारखे एका शिस्तीत रांगेने असतात. टीव्ही-संगणकाच्या पडद्यांमधून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. हुमार, इगोर मुशेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे २००९ मध्ये अशा थेंबाला विद्युत क्षेत्र लावून त्याच्या अनुनाद-रेषा हव्या तशा सरकवून दाखवल्या, आणि ही सरक घन गोळ्यांत मिळते तिच्या कितीतरी पट होती. रसायने ओळखण्यासाठी तर हा थेंब खासच, कारण पृष्ठक्रियाशील रेणू त्याच्या काठावर बसले की तिथल्या रेणूंची उभे राहण्याची दिशा बदलते आणि तो बदल आतपर्यंत पसरतो. काठावरची छोटी घटना थेंबभर मोठी होऊन वर्णपटात उमटते. मळसूत्रासारख्या पिळाने रेणू रचलेले कोलेस्टेरिक द्रव स्फटिक वापरले, तर प्रकाश कडेने फिरण्याचीही गरज उरत नाही. त्या थेंबात कांद्यासारखे थर तयार होतात, तेच आरशांचे काम करतात आणि लेसर प्रकाश केंद्रातून सर्व दिशांना पसरतो. थरांमधले अंतर तापमानाप्रमाणे बदलते, त्यामुळे लेसरचा रंगही.

वाळण्याच्या जुन्या दुखण्यावर जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी शोधलेला उपाय मला विशेष नेटका वाटतो. आयनिक द्रव म्हणजे सामान्य तापमानाला द्रवरूप असलेले मीठ. त्याचे बाष्पीभवन जवळपास होतच नाही. रंगद्रव्य घातलेल्या अशा द्रवाचे थेंब इंकजेट छपाईने पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागावर ठेवता येतात, आणि ते उघड्या हवेत न वाळता गोलाकार टिकून राहतात. त्यांच्यावरून वायूचा झोत नेला की थेंब किंचित विरूप होतो, रेषा सरकतात. म्हणजे वाऱ्याचा वेग मोजण्याचे साधन तयार होते. खाद्य पदार्थांतूनही असे लेसर बनवण्याचे प्रयोग झाले आहेत. ऑलिव्ह तेलात मुळातच क्लोरोफिल असते आणि तेच रंगद्रव्याचे काम करते.

अडचणी कमी नाहीत. रेषा सरकली हे दिसते, पण ती आकारामुळे सरकली, तापमानामुळे की भोवतालच्या रसायनामुळे, हे एकट्या रेषेवरून कळत नाही. यावर उपाय असा की एक रेषा न पाहता अख्खा कंगवा पाहायचा. दातांमधले अंतर प्रामुख्याने परिघावर अवलंबून असते, आणि प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरण-दिशांच्या, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दोन दिशांच्या, रेषा बाहेरच्या माध्यमाला वेगवेगळ्या प्रमाणात प्रतिसाद देतात. अनेक रेषांची सांगड घालून त्रिज्या आणि अपवर्तनांक वेगळे काढता येतात. रंगद्रव्य सततच्या स्पंदांनी फिके पडत जाते, त्यामुळे मोजमाप किती वेळ चालवायचे याला मर्यादा येते. पाण्यात किंवा पेशीत ठेवलेल्या थेंबाची आणखी एक अट असते : त्याचा अपवर्तनांक भोवतालापेक्षा पुरेसा जास्त हवा, नाहीतर प्रकाश काठावरून निसटतो, आणि म्हणून फार लहान थेंब तिथे चालत नाहीत. ऊतींत तर खोलवर जाताना थेंबाला पेटवणारा प्रकाशही विखुरतो आणि थेंबाचा परतीचा प्रकाशही, त्यामुळे पातळ थर आणि पृष्ठभागाजवळच्या पेशी यांच्यापलीकडे हे तंत्र नेणे कठीण जाते. शिवाय मापक जरी दहा-वीस मायक्रोमीटरचा असला, तरी त्याला पेटवणारा लेसर आणि त्याच्या रेषा वाचणारा वर्णपटमापक अजून टेबलावरच बसतात.